पाच स्वरांचे लांब शब्द

इंग्रजीच्या तासाला एखादा लांबलचक शब्द फळ्यावर लिहिला की वर्गातील निम्मी मुले माना खाली घालतात, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलेही याला अपवाद नाहीत. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा इंग्रजीच्या पेपरात अडतो आणि घरी सांगतो की, शब्द पाठच होत नाहीत. शब्द पाठ करावयाचे नसून फोडावयाचे असतात, हे त्याला पटवावे कसे? आम्ही त्यासाठी वर्गात एक खेळ सुरू केला. तो पालकांनाही घरी खेळविता येईल, म्हणून येथे लिहीत आहोत.

इंग्रजी वर्णमालेत ए, ई, आय, ओ, यू ही पाच स्वराक्षरे. ही पाचही ज्यात आली आहेत असा शब्द शोधावयाचा. मराठीत हा खेळ जमत नाही, कारण आपले स्वर काना-मात्रा होऊन व्यंजनाला चिकटतात. आमच्या घरी उर्दूही वाचतात. तीत तर ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते मनाने भरावयाचे. इंग्रजीत मात्र स्वर व्यंजनांच्या रांगेतच आपली जागा अडवून बसतात.

पहिला शब्द मुलांच्या रोजच्या ऐकण्यातला : ‘एज्युकेशन’. अक्षरे नऊ, त्यांत पाचही स्वर. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ संगोपन करणे, वाढविणे असा आहे. पाठांतराचा त्यात कोठे उल्लेख नाही!

‘फेसिशस’ म्हणजे नको तेथे थट्टा करणारा. ‘ॲबस्टेमिअस’ म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. त्याच्या पोटात मद्य या अर्थाचा जुना लॅटिन शब्द आहे, त्यापासून दूर राहणारा तो ॲबस्टेमिअस. या दोन्ही शब्दांत पाच स्वर एकेकदाच आणि वर्णमालेतल्या क्रमानेच येतात. उलट क्रम हवा असेल तर ‘सबकॉन्टिनेंटल’ घ्यावा. यू, ओ, आय, ई, ए! अक्षरे १४ पाहून मुले घाबरतात. पण सब म्हणजे उप, कॉन्टिनेंट म्हणजे खंड आणि शेवटचे अल म्हणजे आपला ईय. उपखंडीय! जेथे इंग्रजीचा सांधा तेथेच मराठीचा. ‘अनकॉम्प्लिमेंटरी’ हाही १५ अक्षरांचा, उलट क्रमाचाच. अन नकाराचा, कॉम्प्लिमेंट म्हणजे स्तुती; जे बोलणे स्तुतीचे नाही ते. हे एकदा दाखविले की पुढचे शब्द मुले आपण होऊन फोडू लागतात, आणि खेळाचा हेतू तेवढाच आहे. पाच स्वर जमून येणे हा निव्वळ योगायोग. अर्थ जोडांत असतो.

लांब असला म्हणजे शब्दात सर्व स्वर असतातच असे नाही. ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम’ २८ अक्षरांचा, पण त्यात ओ नाही आणि यूही नाही. इंग्लंडातील चर्चचा राज्यसत्तेशी असलेला संबंध तोडण्यास विरोध, असा त्याचा अर्थ. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ २९ अक्षरांचा. त्यात आय नऊ वेळा येतो, ई एकदाही नाही. क्षुल्लक या अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक ठेवून तो रचला आहे. एखादी गोष्ट कवडीमोल ठरविणे, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे.

मुले शेवटी विचारतातच, “सर, सगळ्यांत लांब कोणता?” तेव्हा आम्ही ४५ अक्षरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ लिहितो. अमेरिकेतील कोडी सोडविणाऱ्यांच्या संघाच्या अध्यक्षाने १९३५ साली तो गंमत म्हणून बनविला, आणि पुढे कोशांनीही त्याला जागा दिली. यात पाचही स्वर आहेत. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा म्हणजे पलीकडचे, मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारे, सिलिको म्हणजे गारगोटी-वाळूतला सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ छातीत जाऊन जडलेला रोग. वैद्यकातले त्याचे साधे नाव सिलिकोसिस.

पहिल्या वर्षी आम्ही हे हसत हसत सांगितले होते. पण हा रोग आपल्या माळव्याला परका नाही. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिलींचे कारखाने आहेत. दगड यंत्राच्या करवतीने कापताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत साठत असे. त्या धुळीने शेकडो माणसे तरुणपणीच गेली, कारण एकदा जडल्यावर हा रोग बरा होत नाही. १९८२ साली मध्यप्रदेशात या पेन्सिल-कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला. ज्या पेन्सिलीने आम्ही अक्षरे गिरविली ती कोठून येते, हे आम्हांला शिक्षक झाल्यावर कळले.

एका वर्षी हा शब्द फळ्यावर असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नसे. म्हणाला, “सर, आमचे आजोबा मंदसौरला पेन्सिलीच्या कारखान्यात होते. त्यांना हेच झालं होतं. घरी सगळे दमाच म्हणायचे.” आम्ही त्याला फळ्यापाशी बोलाविले व शब्द फोडावयास सांगितला. त्याने रेघा मारून सातही तुकडे बरोबर पाडले. मग डस्टर घेऊन ‘व्होल्कॅनो’ तेवढा पुसला.

“हे का पुसलेस, बाळ?”

“आमच्याकडे ज्वालामुखी नव्हता, सर. करवत होती.”

फळ्यावर ३८ अक्षरे उरली. पाचही स्वर तसेच होते.