चाकांवरच्या घराची शेगडी

कॅरव्हान म्हणजे चाकांवरचे घर. झोपण्याची सोय, पाण्याची टाकी, लहानसा ओटा असे सारे एका गाडीत बसवलेले असते. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत सुट्टी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे असे घर घेऊन हिंडायला निघतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि हा प्रकार आपल्याकडेही माहीत होऊ लागला. संध्याकाळी गाडीबाहेर जाळीच्या शेगडीवर, म्हणजे ग्रिलवर, कणसे, बटाटे, पनीर किंवा मासे भाजणे हा अशा सहलीतला मोठा आनंद. ही ग्रिल कोळशाची, गॅसची किंवा विजेची असते. तिघींपैकी कोणती निवडावी? प्रश्न किमतीचा वाटतो, पण मुळात तो उष्णतेचा आहे. शाळेत शिकलेली साधी सूत्रे घेऊन तो सोडवता येईल.

भाजणे म्हणजे काय?

उकडलेले कणीस पिवळेच राहते. भाजलेल्या कणसावर मात्र तांबूस डाग पडतात आणि खमंग वास सुटतो. हा वास व रंग ज्या रासायनिक क्रियेमुळे येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मैयार यांनी १९१२ साली केले. ही क्रिया झपाट्याने होण्यास सुमारे १४०° से. तापमान लागते. पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १००° से.च्या फारसे वर जात नाही. कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून पृष्ठभाग चटकन कोरडा करील अशी जोरकस उष्णता हवी.

निखाऱ्यांपासून ती मुख्यतः प्रारणाने मिळते. स्टीफनच्या नियमानुसार प्रारणाचा जोर निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. निखाऱ्याचे निरपेक्ष तापमान १.२ पट झाले, तर प्रारण १.२ × १.२ × १.२ × १.२, म्हणजे सुमारे दुप्पट होते! शेगडीला वारा घालताच कणीस भराभर भाजू लागते, ते यामुळे. गॅसची निळी ज्योत फारच तापलेली असली, तरी तिचे प्रारण कमी असते. म्हणून गॅसच्या ग्रिलमध्ये ज्योतीवर लोखंडी पत्रे किंवा दगड ठेवतात. ते तापतात आणि निखाऱ्यांचे काम करतात. विजेच्या ग्रिलमध्ये हेच काम तापलेली तार करते. तात्पर्य, तिन्ही प्रकारांनी पदार्थ खमंग भाजता येतो.

उष्णता जाते कोठे?

आता हिशेब करू. समजा, १ किलोग्रॅम पदार्थ भाजायचा आहे. त्यात बहुतेक पाणीच असते, असे धरू. तापमान २५° से.पासून ९५° से.पर्यंत वाढवण्यास ४.२ × ७०, म्हणजे सुमारे २९४ किलोज्यूल उष्णता लागेल. शिवाय २०० ग्रॅम पाण्याची वाफ होईल असे मानू. त्यासाठी ०.२ × २२६०, म्हणजे ४५२ किलोज्यूल. एकूण सुमारे ७५० किलोज्यूल.

१ किलोग्रॅम लोणारी कोळसा जळून अंदाजे २९,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे खरे तर २६ ग्रॅम कोळसा पुरायला हवा! पण आपण शेगडीत किलोभर कोळसा घालतो. उपयोगी पडलेला भाग जेमतेम अडीच टक्के. याउलट ३ किलोवॉटची गॅस ग्रिल अर्धा तास चालवली तर ५,४०० किलोज्यूल खर्च होतात, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम गॅस. उपयोगी भाग चौदा टक्के.

एवढा फरक का? कोळसा नीट फुलायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि जेवणे उरकली तरी तो कितीतरी वेळ धुमसत राहतो. गॅसला खटका आहे, कोळशाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचाच संबंध जिवाशी आहे.

विजेचे गणित

२००० वॉटच्या ग्रिलला २३० व्होल्ट दाबावर ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. युरोपात कॅरव्हानच्या तळांवर ६, १० किंवा १६ अँपिअरची जोडणी मिळते. ६ अँपिअरच्या जोडणीवर ही ग्रिल चालणार नाही. गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवू म्हटले तर २००० ÷ १२, म्हणजे १६७ अँपिअर! १०० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने ३६ मिनिटांत आणि प्रत्यक्षात त्याहूनही लवकर संपेल. तेव्हा विजेची ग्रिल पुरेशी जोडणी मिळेल तेथेच उपयोगाची.

विझल्यासारखा निखारा

रात्री गारठा पडतो. शेगडीत राखेने झाकलेले निखारे उरलेले असतात. धूर नाही, ज्वाळा नाही. ‘ऊब मिळेल’ म्हणून कोणीतरी शेगडी गाडीत आणून ठेवते. येथेच घात होतो.

शेगडीच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडी धगधगत असताना हा वायू वर येऊन निळ्या ज्वाळेने बराचसा जळून जातो. निखारे मंद झाले की तो न जळताच बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते. आणि झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतातून येतात. कॅरव्हान तर खोलीहूनही लहान. खिडकी किलकिली ठेवली म्हणून धोका टळत नाही. तंबूतही शेगडी नको. निखारे पाण्याने विझवून, पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावरच ठेवावेत.

गॅसचीही काळजी हवी. गॅसची ग्रिलसुद्धा बंद जागेत पेटवू नये. प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्यूटेनचा ५८ आणि हवेचा सरासरी २९; त्यामुळे गळलेला गॅस जमिनीलगत साठतो. म्हणून कॅरव्हानमध्ये सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके ठेवतात. ते कधीही बुजवू नयेत. थंड प्रदेशात आणखी एक अडचण येते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे –०.५° से., तर प्रोपेनचा –४२° से. आहे. बर्फाळ रात्री ब्यूटेन सिलिंडरात द्रवच राहील आणि ग्रिल पेटणार नाही. तेथे प्रोपेन हवा.

मग कोणती घ्यावी?

पुरेशी वीज मिळणाऱ्या तळावर मुक्काम असेल तर विजेची. ठिकठिकाणी हिंडायचे असेल तर खटका फिरवताच बंद होणारी गॅसची. कोळशाची घ्यायची असेल तर तीन अटींवर : मोकळी जागा, विझवायला बादलीभर पाणी, आणि शेगडी गार होईपर्यंत थांबण्याची तयारी. ग्रिल कोणतीही असो, तिची जागा गाडीबाहेरच.

करून पाहा : घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन गॅसवर १ लिटर पाणी ४ मिनिटे तापवा. सुरुवातीचे व शेवटचे तापमान मोजा. तापमानातील वाढीला ४.२ ने गुणून २४० ने भागा. पाण्याला किती किलोवॉटने उष्णता मिळाली ते कळेल. मग अंगणात कोळशाच्या शेगडीवर हाच प्रयोग करा. पाणी उतरवल्यावर ती शेगडी आणखी किती वेळ तापलेली राहते, तेही घड्याळ लावून पाहा. वहीत तो आकडा सर्वांत मोठा असेल.