उत्क्रांतीवरची जुनी पुस्तकं वाचावीत का?

प्रश्न : वडिलांच्या कपाटात रिचर्ड डॉकिन्स यांचं ‘द सेल्फिश जीन’ आणि स्टीफन जे गूल्ड यांचं ‘वंडरफुल लाइफ’ सापडलं. इतकी जुनी पुस्तकं आता वाचण्यात अर्थ आहे का?

उत्तर : जरूर वाचा, फक्त युक्तिवाद आणि तपशील वेगळे ठेवा. १९७६ च्या ‘द सेल्फिश जीन’चा गाभा, म्हणजे नैसर्गिक निवडीकडे जनुकाच्या बाजूने पाहणं, आजही विचाराला धार लावतो. १९८९ च्या ‘वंडरफुल लाइफ’मधले तपशील मात्र जपून घ्या. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या खडकातला हॅलुसिजेनिया हा प्राणी त्यात काट्यांवर चालताना दिसतो. १९९१ मध्ये चीनमधल्या जीवाश्मांवरून कळलं, की तो उलटा मांडला गेला होता; काटे पाठीवर होते. गूल्ड यांनी स्वतंत्र मानलेले बर्जेस शेलमधले अनेक प्राणी पुढे संधिपादांसारख्या परिचित गटांच्या जवळ ठेवले गेले. उत्क्रांतीतल्या योगायोगाबद्दलचा त्यांचा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे.

मानवाच्या उत्क्रांतीसाठी २०१० नंतरचंच पुस्तक घ्या. निअँडरथलचा जनुकसंच त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि आपल्या पूर्वजांशी त्यांचा संकर झाल्याचं स्पष्ट झालं. त्याआधीच्या पुस्तकांत ही गोष्ट फार तर अंदाज म्हणून सापडेल.