घरचा कंटाळा आणि देवाचा हात

भिवंडीस पहाटेच मागांची खडखड कानी येते. घरधनी पाळीवर जातो. लेकरापाशी घरी राहिलेली माउली विचारते, "तेच धुणे, तीच भांडी, तीच रडारड. जीव विटतो. यात सार्थक ते काय?"

शंका रास्त आहे. कंटाळा हे पाप नव्हे. सकाळी केलेले काम सांजेला पुन्हा पुढे उभे राहते, आणि केल्याचे कोणी बोलत नाही. म्हणून मन उदास होते.

दृष्टांत मागाचाच घ्या. धोटा दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाहणाऱ्याला वाटावे, हा जागीच आहे. पण दर फेरीस एक धागा बसतो नि कापड वाढते. तसा भरविलेला घास लेकराच्या अंगी लागतो.

शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) लेकुरवाळ्या होत्या. त्यांनी संसारात राहूनच परमार्थ साधला. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत. देव त्यांना दळू लागला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तिचे मर्म ध्यानी घ्या. देवाने नुसता उपदेश केला नाही. जात्याच्या खुंट्याला हात लावला!

तेव्हा घरच्या मंडळींनो, पाळीवरून आल्यावर घटकाभर लेकरू घ्या. तिला हरिपाठाला निवांत बसू द्या. आणि माउली, तुम्हीही हात मागा. त्यात कमीपणा नाही. बाप घरी राहून मूल सांभाळीत असेल, तर त्यालाही हाच न्याय.

रामकृष्णहरि.