पानाची डावी बाजू

मूल जेवत नाही म्हणून काळजीत पडलेले आईबाबा बालवाडीत भेटले की मी आधी विचारते, ‘संध्याकाळी पाच ते नऊ त्याच्या पोटात काय काय जातं?’ नवी मुंबईतल्या घरांत उत्तर बहुधा सारखंच असतं. आईबाबा हार्बरच्या गर्दीतून वाशी-नेरूळ-खारघरला उतरेपर्यंत आठ वाजतात. पानं घ्यायला नऊ. तोवर बिस्किटं झालेली असतात, सोसायटीखालच्या दुकानातलं एखादं पाकीट झालेलं असतं, वर पेलाभर दूधही. मग त्या लेकराला पोळीभाजी नकोशी वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? भूकच नसते हो त्याला.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. पुढे ते वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. त्यातच दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ तोंडात घ्यायला मुलं बिचकतात. हा हट्ट नव्हे, वय आहे. लिअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर अभ्यास केला. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा थोडाथोडा चाखायला मिळाला, की मुलं तो आपला मानू लागतात, असं त्यांना दिसलं. ‘हे संपव, मग ते देते’ असं आमिष दाखवलं, तर जे संपवायचं तेच नावडतं होतं, हेही दिसलं. आपण मात्र दोनदा दुधीची भाजी करतो आणि मुलाच्या देखतच शेजारणीला सांगतो, ‘आमच्या ह्याला दुधी आवडत नाही.’ मूल ते ऐकतं आणि तसंच वागतं.

यावरचा उपाय आपल्या पानातच आहे. डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. सगळं बोटभर, चमचाभर. तिथलं संपवायची सक्ती कुणी करत नाही, पण ते रोज समोर असतं. मुलाच्या ताटात नवी भाजी अशीच डावीकडे वाढा, एक चमचा. उजवीकडे त्याच्या ओळखीचं काहीतरी हवंच: वरणभात-तूप, नाहीतर मऊ पोळी. वेगळा स्वयंपाक नको. तिखटाची फोडणी घालण्याआधी त्याच्या वाटणीचं वरण बाजूला काढलं की झालं. मग त्या चमचाभर भाजीकडे पाहूही नका. खाल्ली तर कौतुक नको, राहिली तर रागही नको.

हात लावायला मिळाला की भीती लवकर जाते. पनवेल-पेणकडचे वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की सोलायला मुलाला शेजारी बसवा. कोमट पाण्यातला दाणा दोन बोटांत दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन उडते. चार-पाच वर्षांची मुलं या कामात रंगून जातात. बिरडं किंचित कडसर असतं, पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल. होऊ दे. घरी मासे चालत असतील तर दिवाळे कोळीवाड्याकडचे ओले बोंबील बघा. इतका मऊ मासा, पण लहानग्याला देताना काटा तपासूनच द्या.

दुधाबद्दल मात्र मी ठाम आहे. जेवला नाही म्हणून रात्री आणखी एक पेला दूध, हे थांबवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि दुधानं पोट भरलं की उसळ-पालेभाजीला जागा उरत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. उसळीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. वजन वाढतच नसेल, घास गिळताना मूल गुदमरत असेल, किंवा मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिली आजी. नातवंडामागे वाटी घेऊन फिरणाऱ्या आजीला धारेवर धरू नका. लेकरू उपाशी झोपेल, ही तिची भीती खरी आहे. तिच्याशी बसून ठरवा: पाच वाजता केळं, पोहे किंवा लाडू, त्यानंतर फक्त पाणी. साडेसातला आजीसोबत त्याचं जेवण, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून, स्वतःच्या हातानं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं. तुम्ही नऊला जेवायला बसाल तेव्हा त्यालाही एक छोटी ताटली द्या. तुमच्या पानातलं काही त्यानं मागितलं, तर बिनबोभाट वाढा.