कुळाचा शोध : रत्नागिरी जिल्ह्यातील साधने

कोकणातील देवस्थानांत कुलदेवतेची ओटी भरण्यास किंवा नवदांपत्यास दर्शनासाठी घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या मुखी एक प्रश्न नेहमी असतो : आपले मूळ घर याच गावातले काय? प्रश्न स्वाभाविक आहे. पेशवाईत कोकणातील असंख्य घराणी देशावर, ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याकडे गेली. पुढे गिरण्या व नोकऱ्यांच्या निमित्ताने हजारो कुटुंबे मुंबईस स्थिरावली. पिढ्या उलटल्या, घरे पडली आणि पुष्कळांपाशी केवळ देवतेचे नाव उरले. अशा भाविकांसाठी उपलब्ध साधनांची ही ओळख.

१. आरंभ घरापासून
शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे करावा. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पणजोबांपर्यंतची नावे, मूळ गाव, वाडी, गोत्र, कुलदेवता व श्राद्धतिथी लिहून घ्याव्यात. घरातील स्त्रियांची माहेरची नावे, गावे व आडनावेही अवश्य टिपावीत. जुन्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. आजी-पणजींची नावे आज लिहिली नाहीत तर ती कायमची पुसली जातात.

२. गावातील नोंदी
तलाठी दफ्तरातील सातबारा उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. ते धरून मागे गेल्यास वारसनोंदी सापडतात व एकेक पिढी उलगडते. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुकात मिळतात. रत्नागिरी जिल्ह्यात खोती गावे बहुसंख्य असल्याने तेथील 'बोटखत' ही हक्कनोंदही उपयुक्त ठरते. गावातील गुरव व मानकरी यांच्याकडेही चौकशी करावी. शिमग्याच्या पालखीतील मानांचा क्रम हा जुन्या घराण्यांचा जिवंत दाखलाच होय.

३. दफ्तरखाने व ग्रंथ
पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, तसेच १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, ही अभ्यासकांची प्रमुख स्थाने. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये झालेल्या इनाम चौकशीत वारसा सिद्ध करण्यासाठी वंशावळी सादर कराव्या लागत. ज्यांच्याकडे इनाम वा वतन होते त्यांनी हे कागद आवर्जून पाहावेत. गावाची पार्श्वभूमी समजण्यास १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर वाचावे. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांतही छापलेले असून ते जुन्या ग्रंथालयांत आढळतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. म्हणून मालवण, देवगड, कणकवली या भागांचा उल्लेख जुन्या कागदांत रत्नागिरी जिल्ह्यातच शोधावा.

४. तीर्थोपाध्यायांच्या वह्या
नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या नोंदी गाव व आडनाव यांनुसार ठेवतात. यात्रेस आलेल्या पूर्वजाने सोबतच्या आप्तांची नावे सांगितलेली असतात. क्वचित त्याची स्वहस्ताक्षरातील सहीही पाहावयास मिळते. तेथे गेल्यावर आपल्या कुटुंबाची पुढील नोंद करण्यास विसरू नये.

५. मोडी व कालगणना
जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता सामान्यतः इसवी सन येतो (शक १५९६ म्हणजे इ. स. १६७४). शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. शुहूर १०५७ म्हणजे इ. स. १६५६-५७.

६. सावधगिरी
समान आडनाव म्हणजे समान कुळ नव्हे. चिपळूणकर, दाभोळकर, गुहागरकर ही आडनावे गावावरून पडली असून ती भिन्न ज्ञातींतही आढळतात. गाव सोडून गेलेल्यासच गावाचे नाव लागते. मूळ गावी राहिलेले भाऊबंद निराळ्या आडनावाने ओळखले जाणे अगदी शक्य आहे. गोत्रही अनेक कुळांचे एकच असते. म्हणून किमान दोन स्वतंत्र नोंदी जुळल्याखेरीज नाते निश्चित मानू नये. ऐकीव माहिती व कागदाचा आधार असलेली माहिती वेगवेगळी लिहावी. मूळ कागद कोणाच्याही हाती न सोपविता त्याची प्रत द्यावी.

कोकणातील दमट हवा व वाळवी यांपुढे कागद फार काळ टिकत नाही, आणि ज्यांना तोंडी माहिती आहे अशी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. दप्तरातील नोंद उद्याही मिळेल. घरातील आजीची आठवण उद्या मिळेलच असे नाही. सबब भाविकांनी दर्शन आटोपून घरी परतताच एक वही घालावी, वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि पहिल्या पानावर कुलदेवतेचे नाव लिहून शोधास आरंभ करावा. पुढील पिढीस देण्याजोगा याहून मोलाचा ठेवा क्वचितच असेल.