कर्करोग आणि नैसर्गिक मारक पेशी

रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात, हे सर्वश्रुत आहे. त्यांपैकी लसीकापेशींच्या वर्गात एक लहानसा गट असा आहे की, पूर्वपरिचय नसतानाही तो कर्कपेशींचा नाश करू शकतो. १९७५ साली स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स व्हिग्झेल यांनी उंदरांच्या प्लीहेतील या पेशींचे वर्णन केले व त्यांना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले.

आप-पर भेद या पेशी कसा ओळखतात? शरीरातील बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर ओळख पटविणारी विशिष्ट प्रथिने असतात. ‘टी’ लसीकापेशी त्यांच्याच आधारे रोगट पेशी हुडकून काढतात. त्यांना चुकविण्यासाठी पुष्कळ कर्कपेशी ही प्रथिने टाकून देतात. परंतु नैसर्गिक मारक पेशींना आवर घालणारी खूणही तीच असते. ती नाहीशी झाली आणि पेशी रोगट असल्याचे अन्य संकेत मिळाले, म्हणजे मारक पेशी हल्ला चढवितात. परफोरिन हे प्रथिन कर्कपेशीच्या आवरणास छिद्रे पाडते. ग्रँझाइम नावाची विकरे आत शिरतात व ती पेशी आत्मनाश पावते. ओळखचिन्ह नसलेल्या अर्बुदपेशी उंदरांच्या शरीरात वाढू शकत नाहीत, हे क्लास कॅरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले.

रुग्णाच्या स्वतःच्या मारक पेशींना त्याच्याच पेशींवरील खुणा आवर घालतात. म्हणून दात्याच्या पेशी देण्याची कल्पना पुढे आली. २००५ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी, आशा क्षीण झालेल्या १९ रक्तकर्करुग्णांना आप्तांच्या मारक पेशी दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५ जणांत रोग पूर्णपणे ओसरला. २०२० साली ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने याच्या पुढचा टप्पा गाठला. नाळेच्या रक्तातील मारक पेशींत जनुके घालून त्यांना लसीकापेशींचा कर्करोग ओळखण्यास समर्थ केले गेले. ११ रुग्णांपैकी ८ जणांना गुण आला व त्यांतील ७ जणांत रोग पूर्णपणे ओसरला. परक्या ‘टी’ पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटण्याचा जो धोका असतो, तो येथे दिसला नाही.

मात्र रुग्णसंख्या अल्प होती आणि गुण आलेल्यांपैकी काहींना पुढे अन्य उपचारही देण्यात आले. त्यामुळे हा गुण किती काळ टिकला असता, हे त्यावरून ठरविता येत नाही. शिवाय घट्ट गाठींच्या कर्करोगात या पेशींना आत शिरणे व तेथे टिकून राहणे कठीण जाते. तथापि एका दात्याच्या पेशी वाढवून, गोठवून, अनेक रुग्णांस देता येणे शक्य आहे. तसे झाल्यास प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र औषध घडविण्याचा विलंब व खर्च टळेल. या संशोधनाचे खरे महत्त्व यातच आहे.