रामशेजचा वेढा आणि बोराएवढी गोळी



सातवीच्या वर्गात छत्रपती संभाजी महाराजांचा भाग सुरू झाला की नाशिकच्या शाळेत रामशेज निघतोच. किल्ला आपल्या दारातला. पेठ रस्त्याने निघालं की आशेवाडी, तिथून वर तासाभराची चढण. निम्मा वर्ग तो चढून आलेला असतो, त्यामुळे या पाठाला मुलं मला शिकवतात की मी त्यांना, हे कळत नाही.

यंदा मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. रामशेज किती वर्षं लढला? उत्तरं आली: पाच, साडेपाच, सहा, साडेसहा. प्रत्येकाला आपली खात्री. एकाने व्हॉट्सॲपवर वाचलेलं, एकाने यूट्यूबवर ऐकलेलं, एकीला आजोबांनी सांगितलेलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उत्तर द्यायच्या ऐवजी उठून पुढे आला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर सोडली. आत बोराएवढी, करड्या रंगाची, हाताला जड लागणारी गोळी होती.

"मॅडम, ही रामशेजवरची. मोगलांची."

"कुठे सापडली?"

"तिथंच कुठंतरी. पायऱ्यांच्या खाली."

त्याचं 'कुठंतरी' माझ्या डोक्यात दोन आठवडे बसलं होतं. हा लेख त्यातून निघालाय.

आधी वर्षांचा घोळ सोडवू, कारण पालकांकडून हा प्रश्न सारखा येतो. औरंगजेब 1681 च्या अखेरीस बुऱ्हाणपुरात आणि 1682 च्या मार्चमध्ये औरंगाबादेत पोचला. त्यानंतर लगेच शहाबुद्दीन खानाला रामशेजवर पाठवलं. किल्ला मोगलांच्या हाती गेला ते साल पुस्तकांतून 1687 किंवा 1688 असं मिळतं. म्हणजे पाच ते साडेसहा यातलं काहीही म्हणणारं मूल अगदीच चुकलेलं नाही. शिवाय ही सगळी वर्षं सलग वेढा बसलेला नव्हता. शहाबुद्दीन खानाला जमलं नाही, मग बहादूरखान कोकलताश आला, तोही परत गेला, पुढे कासीमखानाची पाळी आली. मधल्या काळात कधी फास आवळलेला, कधी सैल. 'किती वर्षं' याचं उत्तर वेढा कशाला म्हणायचं यावर ठरतं. मुलांना हे सांगितलं तर त्यांना पटतं, आकड्यावरून भांडणं थांबतात. शेवटी किल्ला लढून नाही तर पैसे चारून घेतला गेला, हे बहुतेकांना माहीत असतं.

आता आपल्या आवडत्या गोष्टी. लाकडाच्या तोफा, त्यांना गुंडाळलेलं कातडं. मंत्र घातलेला सोन्याचा नाग छातीशी धरून मोगल सैन्याच्या पुढे चालणारा मांत्रिक, आणि गोफणीच्या दगडाने उडालेली त्याची फजिती. एका बाजूला हल्ल्याचा नुसता गलबला करून दुसऱ्या बाजूने दोर लावून चढायचा बहादूरखानाचा बेत, आणि तो ओळखून गुपचूप टपून बसलेले मराठे. हे सगळं येतं कुठून? मुख्यतः एका माणसाकडून. खाफीखान हा मोगलांच्या चाकरीतला इतिहासकार. त्याचा फारसी ग्रंथ 'मुन्तखब-उल-लुबाब' मुहम्मदशहाच्या काळात, म्हणजे वेढ्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी पुरा झाला. सेतुमाधवराव पगडींनी खाफीखानाचा मराठ्यांविषयीचा भाग मराठीत आणला, म्हणून तो आपल्याला सहज वाचता येतो.

शत्रूच्या बाजूचा माणूस मराठी किल्लेदाराचं कौतुक करतो, हा पुरावा वजनदार आहे. स्वतःच्या सैन्याची फजिती कोण उगीच रंगवेल? पण मला असंही वाटतं की खाफीखान गोष्टीवेल्हाळ आहे. सोन्याचा नाग ही गोष्ट सांगायला त्याला मजा आलेली दिसते. दरबारी अखबार, म्हणजे बादशहाच्या छावणीतली रोजची बातमीपत्रं, कोरडी असतात. कोणाला पाठवलं, कोणाला खिलत दिली, एवढंच. पण ती त्याच दिवसांत लिहिलेली. वर्गात मी दोन्हींची तुलना क्रिकेटशी करते. एक स्कोअरकार्ड आणि एक पन्नास वर्षांनी कट्ट्यावर सांगितलेला सामना. दोन्ही हवेत, पण कशातून काय घ्यायचं ते कळलं पाहिजे.

मग ती गोळी? ती कुठल्या खात्यात टाकायची?

हे शोधताना मी पोलंडमध्ये जाऊन पोचले. पोचले म्हणजे वाचत वाचत. तिकडे मध्ययुगीन लढाया आणि शस्त्रं यांचा पुरातत्त्वाच्या अंगाने अभ्यास करण्याची चांगली जुनी परंपरा आहे. वूच शहरातल्या विद्यापीठात आंद्झेइ नादोल्स्की नावाच्या पुरातत्त्वज्ञाने शस्त्राभ्यासाची एक शाळाच उभी केली. तलवार, भाला, चिलखत यांच्याकडे शोभेची वस्तू म्हणून न बघता, कोणत्या थरात मिळाली, कशी बनवली, कशी वापरली, असं बघायचं. (मध्ययुग हा शब्द तिकडे साधारण 1500 पर्यंत चालतो. आपल्या पाठ्यपुस्तकात सतरावं शतकही त्यात येतं. मुलांनी विचारलं तर सांगून टाकावं.)

आपल्याकडे पानिपत म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असतं, तसं तिकडे ग्रुनवाल्ड. 15 जुलै 1410 ला पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी ट्यूटॉनिक नाइट्सच्या संघाचा पराभव केला. या लढाईची सगळ्यात तपशीलवार हकिकत यान द्लुगोशने लिहिली. त्याचा जन्म 1415 चा, लढाईनंतर पाच वर्षांनी. वडील त्या लढाईत होते, पण लिहिणारा स्वतः नव्हता. खाफीखानाची आठवण झाली ना? द्लुगोशने लिहिलं की लिथुआनियाचे सैनिक पळाले. कित्येक शतकं बहुतेकांनी ते खरं मानलं. मग स्वेन एकडाल या स्वीडिश संशोधकाने 1963 मध्ये संघाच्या कागदपत्रांतलं एक पत्र प्रसिद्ध केलं. लढाईनंतर थोड्याच वर्षांनी लिहिलेल्या त्या पत्रात संघाच्या प्रमुखाला सावध केलेलं आहे: शत्रू मुद्दाम पळून दाखवेल, मोठ्या लढाईत झालं तसं, तेव्हा रांग मोडून मागे धावू नका. ज्यांना पळपुटे म्हटलं, त्यांनी बहुधा गनिमी डाव टाकला होता! आपल्या मुलांना हा डाव समजावून सांगावा लागत नाही.

कागदाने कागद दुरुस्त केला. जमिनीचं काय? ग्रुनवाल्डच्या शेतांत गेली काही वर्षं धातुशोधक यंत्रं घेऊन शिस्तीत शोध चालतो. सापडतं ते थोडंच. लढाई संपली की लोखंड कोण सोडतं, आसपासच्या गावांनी आणि जिंकणाऱ्यांनी तेव्हाच गोळा केलेलं. त्यावर सहाशे वर्षांची नांगरट. तरी बाणांची टोकं मिळतात, 2020 मध्ये दोन चांगल्या टिकलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या. प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदतात आणि मगच ती हलवतात. एक टोक म्हणजे गंजका तुकडा. पण शंभर टोकांच्या जागा नकाशावर मांडल्या की झुंज कुठे झाली, माणसं कुठल्या दिशेला सरकली हे दिसायला लागतं. वस्तूपेक्षा तिची जागा जास्त बोलते.

शिशाच्या गोळीचंही तसंच. व्यासावरून बंदूक कोणत्या मापाची ते कळतं. चपटी झाली असेल तर ती उडून कशावर तरी आदळलेली, गोलच राहिली असेल तर बहुधा कुणाच्या पिशवीतून सांडलेली. पायऱ्यांखाली चपट्या गोळ्यांचा पुंजका मिळाला तर तिथे मारा झाला असं म्हणता येईल. वर गोल गोळ्या आणि शिशाचे थेंब मिळाले तर तिथे गोळ्या ओतत होते. पण हे कधी? जागा माहीत असेल तर. आमच्या मुलाच्या गोळीची जागा 'तिथंच कुठंतरी' होती. ती मोगलांची असेल, मराठ्यांची असेल, गेल्या शतकातल्या कुणा शिकाऱ्याचीही असेल. टेबलावर आल्यावर ती मुकी झाली.

खाफीखानाच्या गोष्टीतला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मोगलांनी किल्ल्यावर मारा करायला उंच लाकडी दमदमा उभारला होता, आणि बहादूरखानाने हात हलवत परत जाताना तो पेटवून दिला. एवढं लाकूड जळतं तिथली माती भाजून लाल होते, कोळसा राहतो, लोखंडी खिळे राहतात. म्हणजे ही गोष्ट तपासता येण्यासारखी आहे. पायथ्याला, तोफेच्या टप्प्यात, असा जळका थर कुठे आहे का? सोन्याचा नाग तपासता येत नाही, दमदमा येतो. मुलांना हा फरक सांगितला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

लाकडी तोफांबद्दल मुलं हसून विचारतात, असं असतं का? असतं. स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फसने 1620 च्या दशकात पोलंडविरुद्धच्या युद्धात कातडी तोफा वापरून पाहिल्या होत्या. आत तांब्याची पातळ नळी, वर दोरखंड आणि कातडं. हलक्या होत्या, पण लवकर तापायच्या म्हणून फार टिकल्या नाहीत. आपल्या गडावर नळीसुद्धा लाकडाची. थोडेच बार निघत असतील, पण खालच्या माणसाला ते मोजून कुठे माहीत असतं!

आता थोडं अवघड लिहिते. नाशिकने महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात मोठं काम पाहिलंय. 1950-51 साली सांकलिया आणि देव यांनी गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीत उत्खनन केलं, जोर्व्याबरोबरचा त्यांचा अहवाल आजही वापरतात. पण ती नजर प्राचीन काळाकडे होती. किल्ल्यांकडे आपण बुरूज, दरवाजे, तटबंदी म्हणून बघतो, अलीकडे रायगडावर उत्खनन होतंय, आणि 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यातला साल्हेर जागतिक वारशाच्या यादीत गेला. चांगलंच झालं. पण पायथ्याची शेतं, छावणीच्या जागा, टाक्यांतला गाळ, इकडे लक्ष कमी.

गाळ म्हटल्यावर माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन जिल्ह्यातल्या एका किल्ल्यावर श्रमदानाला गेलो. दिवसभर घमेली भरभरून एका टाक्यातला गाळ काढला आणि कड्यावरून खाली लोटला. खापरं निघत होती, हाडं होती, एकदा गंजलेल्या लोखंडाची पट्टी आली. सगळं खाली. संध्याकाळी फोटो काढले, घोषणा दिल्या, मी स्वतः मुलांची पाठ थोपटली.

आणि आता ओस्त्रूव्ह लेदनित्स्कीबद्दल वाचलं. तळ्यातलं बेट, पोलंडच्या पहिल्या राजांचा तिथे कोट. बेटाला जोडणारे दोन लाकडी पूल होते. तोरुनच्या विद्यापीठातले पाणबुडे पुरातत्त्वज्ञ कित्येक वर्षं तिथल्या गाळात काम करतायत. कुऱ्हाडी, भाल्यांची पाती, तलवारी, काहींचे लाकडी दांडेसुद्धा शाबूत. पुलाच्या खांबांतल्या झाडाच्या वर्षवलयांवरून एका पुलाचं लाकूड 963-964 च्या सुमारास तोडलं हे कळलं. हे सगळं गाळाने राखून ठेवलं. चिखलात हवा जात नाही, म्हणून लाकूड-कातडं कुजत नाही. लाकडी, कातड्याच्या तोफांची गोष्ट जिथे घडली त्या गडावर टाक्यांतला गाळ म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्या रात्री नीट झोप लागली नाही, खरंच सांगते.

श्रमदान करू नका असं मी म्हणत नाही. त्या मंडळींमुळेच कितीतरी गड आज चढण्यासारखे आहेत. पण टाकं उपसण्याआधी पुरातत्त्व विभागाची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत हवा. नाशिकला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात आहे, फार लांब नाही. पालकांसाठी आणखी एक: मुलाने गडावरून काही आणलं तर रागावू नका, आणि शोकेसमध्येही ठेवू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वस्तू न उचलता जागेवरच फोटो काढला, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, आणि मोबाइलवर ठिकाणाची नोंद केली, तर फार बरं. यंत्र घेऊन गुप्तधन शोधायला जाणाऱ्यांच्या व्हिडिओंपासून मात्र मुलांना लांब ठेवा.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला कोरा कागद दिला आणि रामशेजचा नकाशा आठवून काढायला सांगितला. दरवाजा, रामाचं देऊळ, टाकी, पायऱ्या. मग विचारलं, त्या दिवशी कुठे बसला होतास? डबा कुठे खाल्ला? बरोबर कोण होतं? त्याने मित्राला बोलावलं, दोघं कुजबुजत भांडले, मग पायऱ्यांच्या वळणाजवळ, डाव्या हाताला, एक फुली मारली. "इथंच मॅडम. नव्वद टक्के." नकाशाखाली तारीख आणि दोघांची नावं लिहून घेतली. गोळी आणि तो कागद एकाच पाकिटात घातलाय, शनिवारी दोघांना घेऊन सरकारवाड्यात जायचंय.